डोळ्यांचंही सांगा

केमोथेरपी घ्यायची ठरली की घरात कशाकशाची धास्ती असते ते सर्वांना ठाऊक आहे. केस जाणार, उलट्या होणार, तोंड येणार, पेशी कमी होणार. या प्रत्येक गोष्टीबद्दल डे-केअरमधल्या सिस्टर पहिल्याच दिवशी बजावतात, शेजारच्या खुर्चीवरचा रुग्ण स्वतःचा अनुभव सांगतो, नातेवाईक फोनवरून उपाय सुचवतात. डोळ्यांबद्दल मात्र बहुधा कुणी काही बोलत नाही. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगासाठी डोसेटॅक्सेल घेणाऱ्या एखाद्या बाईच्या डोळ्यांतून काही आठवड्यांनी सतत पाणी गळू लागलं, की ती पदराने ते टिपत राहते आणि घरच्यांना वाटतं, ही रडते आहे. ते तिची समजूत काढतात, धीर सोडू नकोस म्हणतात. पुढेपुढे तिचीही तशीच समजूत होते. प्रत्यक्षात अश्रू नाकात वाहून नेणारी तिच्या पापणीतली बारीक नळी औषधामुळे अरुंद होत चाललेली असते. त्यावर इलाज आहे, पण तो वेळेत व्हावा लागतो.

ही पुस्तिका तिच्यासाठी, आणि तिला समजावणाऱ्या घरच्यांसाठी आहे. केमोथेरपीमुळे डोळ्यांना काय काय होऊ शकतं, त्यातलं काय सोसण्याजोगं आणि काय अजिबात अंगावर काढू नये, हे रुग्णाला कळेल अशा मराठीत एका ठिकाणी मिळावं, एवढाच या पुस्तिकेचा हेतू. मी नेत्रतज्ज्ञ आहे, कर्करोगावर उपचार करणारा डॉक्टर नाही. आणि या दोन खोल्यांच्या मधल्या जागेतच रुग्णाचे हाल होतात, असं माझं इतक्या वर्षांचं ठाम मत आहे. कर्करोगाच्या डॉक्टरांसमोर रुग्ण म्हणतो, जिवावरचं दुखणं असताना डोळ्यांची चुरचुर काय सांगायची. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आला की त्याला आपली केमो चालू आहे हे सांगण्याची गरज वाटत नाही, कारण ती तर पोटाची किंवा छातीची आहे.

केमोथेरपीचा आणि डोळ्यांचा संबंध खरं तर तिच्या जन्माच्याही आधीचा आहे. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर मस्टर्ड वायूचा पहिल्यांदा वापर झाला. त्याचा दाह काही तासांनी सुरू होई आणि त्यात सर्वांत आधी डोळे सापडत. पापण्या सुजून मिटत, उजेड सोसवत नसे. जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने १९१९ मध्ये पुरं केलेलं ‘गॅस्ड’ हे प्रचंड चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. डोळ्यांना पट्ट्या बांधलेले सैनिक पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चालले आहेत. त्याच वायूने मेलेल्यांच्या शरीरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि अस्थिमज्जा नष्ट झालेली आढळली. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन या औषधशास्त्रज्ञांनी या निरीक्षणाचा धागा धरून, मस्टर्डच्याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला देऊन पाहिलं. आजच्या केमोथेरपीची सुरुवात तिथून मानतात. भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठून मारायचं हे तिचं मूळ तत्त्व तेव्हापासून चालत आलं आहे.

आणि डोळ्यात भराभर वाढणाऱ्या पेशी भरपूर आहेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, वरून पेशींचं एक पातळ आवरण असतं. ते साधारण आठवडा-दहा दिवसांत पुरतं नवं होतं. पापणीच्या कडेला तेलग्रंथींची रांग असते. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून ते लगेच वाळत नाहीत. पापणीचे केस वाऱ्यातली धूळ आणि कपाळावरून ओघळणारा घाम अडवतात. केमोचा मारा या सगळ्यांवर होतो. शिवाय काही औषधं रक्तातून थेट अश्रूंत उतरतात. म्हणजे सलाईनमधून हातात गेलेलं औषध थोड्या वेळाने डोळ्याच्या पृष्ठभागावर पोहोचतं आणि दिवसभर तिथून वाहत राहतं.

पुस्तिकेत पाण्याच्या तक्रारीला सर्वांत जास्त पानं दिली आहेत, ती मुद्दाम. डोळ्यांतून पाणी येण्याची दोन कारणं एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. एक म्हणजे कोरडेपणा. हे ऐकून रुग्ण माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. पाणी वाहतंय आणि डॉक्टर म्हणतात, डोळा कोरडा आहे. पण अश्रूंचा थर नीट टिकला नाही की कॉर्निया उघडी पडते, टोचते, आणि डोळा त्यावर एकदम पाण्याचा लोट सोडतो. ते पाणी टिकणारं नसतं. पुन्हा कोरडेपणा, पुन्हा लोट. इथे कृत्रिम अश्रूंचे थेंब लागतात, आणि ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण रोजच्या बाटलीत टिकण्यासाठी घातलेलं रसायनच नाजूक झालेल्या डोळ्याला बोचतं. पापणीच्या कडेवर सकाळी पाचेक मिनिटं कोमट शेक दिला की अडकलेलं तेल मोकळं होतं.

दुसरं कारण म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट बुजणं. दोन्ही पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याशी टाचणीच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं. आरशासमोर खालची पापणी किंचित बाहेर ओढली तर ते दिसतंही. तिथून जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची, एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद नळी निघते आणि अश्रू पुढे नाकात जातात. डोसेटॅक्सेल अश्रूंत उतरतं आणि वाहता वाहता या नळीला आतून सूज आणतं. सूज टिकली तर व्रण धरतो, आणि व्रणाने वाट कायमची मिटते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या नेत्रतज्ज्ञ बीटा एस्माएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच हे नीट दाखवून दिलं. दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांपेक्षा दर आठवड्याला घेणाऱ्यांत हा त्रास बराच जास्त दिसतो. वाट अरुंद झाली आहे पण मिटलेली नाही, अशा वेळी रुग्ण आला तर थेंब देऊन, नळी धुऊन, किंवा तिच्यात सिलिकॉनची बारीक ट्यूब काही काळ बसवून ती उघडी ठेवता येते. केमो थांबवावी लागत नाही. पण ती पुरती मिटल्यावर आला तर मोठी शस्त्रक्रिया करून, प्रसंगी काचेची नळी कायमची बसवून, नवी वाट काढावी लागते. या दोन परिस्थितींत फरक असतो तो काही आठवड्यांचा, आणि ते आठवडे पदराने टिपण्यात जातात. म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

याच गटात फ्लूरोयुरॅसिल येतं, ज्याला रुग्णांच्या फाइलवर ‘फाइव्ह-एफयू’ लिहिलेलं असतं. १९५७ पासून माहीत असलेलं हे औषध आजही आतड्याच्या आणि जठराच्या कर्करोगात रोज वापरलं जातं. त्याने डोळे लाल होतात, पापण्यांच्या कडा सुजतात, पाणी येतं, क्वचित ही नळीही बुजते. याचं गोळीतलं रूप म्हणजे कॅपेसिटाबीन. शरीरात गेल्यावर त्याचं फ्लूरोयुरॅसिलच होतं. या गोळीमुळे होणारी एक चूक मला सतत भेटते. “केमो चालू आहे का?” असं विचारलं की रुग्ण निश्चिंतपणे सांगतो, “नाही, ती संपली. आता नुसत्या गोळ्या आहेत.” घरी बसून घ्यायची गोळी ही केमो वाटतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी इथे थांबून कोणत्या गोळ्या म्हणून विचारलं पाहिजे, आणि पुष्कळदा आम्ही विचारत नाही.

रक्ताच्या कर्करोगात मोठ्या मात्रेने दिलं जाणारं सायटॅराबीन हे याहून वेगळं प्रकरण आहे. तेही अश्रूंत उतरतं आणि कॉर्नियाच्या नव्या पेशी तयारच होऊ देत नाही. डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं खुपतं, खिडकीचा पडदा बाजूला केलेला सोसवत नाही. मात्र इथे त्रास होण्याआधीच तो टाळायची रीत ठरलेली आहे. सलाईन सुरू होण्याआधीपासून स्टिरॉइडचे थेंब चालू करतात आणि शेवटचा डोस संपल्यावरही निदान दोन दिवस, ठरवून दिलेल्या तासांना, रात्रीसुद्धा, घालत राहतात. उपचार घेणारा माणूस त्या दिवसांत इतका थकलेला असतो की हे काम सोबतीला राहिलेल्या माणसाचंच. वॉर्डात रात्री तीनला मोबाइलचा गजर लावून उठणाऱ्या भावांना, बायकांना, मुलींना मी पाहिलं आहे. त्यांना एवढंच सांगायचं आहे, की हे थेंब उपचाराचाच भाग आहेत. त्यातली एकही वेळ चुकवू नका.

पण तेच स्टिरॉइडचे थेंब कुणाच्याही सल्ल्याशिवाय मेडिकलमधून आणून घालणं हा आपल्याकडचा फार मोठा धोका आहे. डोळे लाल दिसले की “डोळे आलेत” असं घरातच ठरतं, कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली येते, दोन दिवसांत लाली जाते आणि सगळे खूश होतात. आत बुरशीचा किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असेल तर तो त्या आडोशाने पसरतो. महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. केमोने प्रतिकारशक्ती खाली आलेली असताना तर हा खेळ मुळीच परवडणारा नाही. केमोमुळे आलेली लाली संसर्गासारखीच दिसते, संसर्ग लालीसारखाच दिसतो. स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आम्हालाही फरक सांगता येत नाही. दुकानदाराला तो कसा सांगता येईल?

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. गुलाबपाणी, मध, एरंडेल, साजूक तूप, बाळंतिणीचं दूध. हे सगळं प्रेमापोटी सुचवलं जातं, हे मी जाणतो, आणि सुचवणाऱ्या आजीचा अनादर करण्याचा प्रश्नच नाही. पण यातलं काहीही निर्जंतुक नसतं. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या माणसाच्या डोळ्यात यातलं काहीही जाऊ देऊ नका. बंद पापणीवर स्वच्छ, थंड कापडाची घडी ठेवली तर आग शमते, आणि आजीच्या हातांना तेवढं काम आनंदाने द्यावं.

आता नागिणीविषयी. केमोच्या काळात नागीण उठण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे ती उतरवून घेण्याची, वर गेरूचा लेप देण्याची पद्धत अजून जिवंत आहे आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं तर माणूस दगावतो ही भीतीही. खरी भीती वेगळी आहे. नागीण कपाळाच्या एका बाजूला उठली, आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्याला जाणारी शीर त्यात सापडलेली असण्याचा तो इशारा आहे. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या तर डोळा वाचवण्याची संधी मोठी असते. उतरवायला नेण्यात जाणारे दोन दिवस नेमके तेच असतात.

मुलांच्या बाबतीत एका औषधाचा उल्लेख करायलाच हवा. आपल्या अंगणातल्या कुंडीत, मंदिराच्या कट्ट्याशी बारा महिने फुलणारी सदाफुली सगळ्यांच्या ओळखीची. मूळची मादागास्करची. तिच्यातून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन गेली साठ वर्षं मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात आहे आणि त्याने असंख्य मुलं वाचली आहेत. ते मज्जातंतूंना त्रास देतं. कधी मुलाची एक पापणी झुकते, कधी त्याला एकाच्या दोन वस्तू दिसतात. मूल ते सांगत नाही. ते मान वाकडी करून टीव्ही पाहतं, किंवा हनुवटी वर करून चालू लागतं. हे आईच्या लक्षात येतं, डॉक्टरांच्या नाही. बुरशीवरची काही औषधं सोबत चालू असली तर हा त्रास वाढतो, म्हणून सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवायची. बहुतेकदा मात्रा सांभाळल्यावर हळूहळू, काही महिन्यांत, पापणी पूर्ववत होते.

बाकीच्या औषधांची पानं वाचकाने आपापल्या गरजेप्रमाणे उघडावीत. इमॅटिनिबने सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, ती दिसायला वाईट पण बहुधा निरुपद्रवी. अर्लोटिनिबसारख्या गोळ्यांनी पापण्यांचे केस गळण्याऐवजी उलट लांब आणि वेडेवाकडे वाढतात आणि आत वळून कॉर्नियाला घासतात. पॅक्लिटॅक्सेलने क्वचित डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं आणि वाचताना अक्षरं पुसट होतात. सिस्प्लॅटिनने क्वचित दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते, रंग फिके वाटतात. टॅमॉक्सिफेन ही केमो नव्हे, हार्मोनची गोळी. पण ती वर्षानुवर्षं घ्यायची असते, त्यामुळे नजरेत बदल वाटला तर डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्यावा. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावरच्या बेलान्टामॅब मॅफोडोटिन या नव्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती प्रत्येक डोसआधी डोळे तपासण्याची अट घालून. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय औषध पुढे जाणारच नाही, अशी व्यवस्था एका औषधासाठी होऊ शकते, तर बाकीच्यांसाठी निदान फोन तरी व्हावा.

रोजच्या जगण्यातल्या गोष्टी पुस्तिकेत सविस्तर आहेत. पंख्याखाली थेट झोपू नये. फोडणी देताना आणि धूप-उदबत्ती लावताना दूर राहावं. दुचाकीवर मागे बसलं तरी बाजूने बंद असलेला चष्मा लावावा. केमो चालू असेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स कपाटात ठेवावी. नव्या चष्म्याची घाई करू नये, कारण केमोसोबतच्या डेक्सामिथॅसोन या स्टिरॉइडने रक्तातली साखर वरखाली होते आणि तिच्यासोबत नंबरही हलतो. उघडलेली थेंबांची बाटली महिन्याने टाकून द्यावी. पापण्यांचे केस उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येतात. तोवर डिंकाने चिकटवायच्या पापण्या आणि जुनं काजळ नको.

काही लक्षणं मात्र अशी आहेत, की ती दिसली तर पुढच्या सायकलची वाट पाहायची नाही. नजर अचानक कमी होणं, डोळ्यात ठणका लागणं, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं वाटणं, दोन-दोन दिसणं, तापासोबत पापणी सुजणं. अशा वेळी त्याच दिवशी फोन करायचा, मग तो रविवार असो की दिवाळीचा पाडवा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक रक्ताचा डाग उमटला तर तो दिसतो भयंकर, पण साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो. तरीही केमोत असताना तो कळवायचा, कारण प्लेटलेट खाली गेल्याची ती खूण असू शकते.

रुग्ण गप्प का बसतात याचं आणखी एक कारण मला उशिरा कळलं. त्यांना भीती वाटते, की डोळ्यांचं सांगितलं तर डॉक्टर केमो थांबवतील आणि आजार वाढेल. ही भीती मी हलकी मानत नाही. पण बहुतेक त्रास थेंबांनी, शेकाने, एखाद्या छोट्या प्रक्रियेने आटोक्यात येतात आणि केमो ठरल्याप्रमाणे चालू राहते. कधी डोस थोडा कमी होतो, कधी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी दिला जातो, कधी औषध बदलतात. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा, आणि तो नीट घेण्यासाठी त्यांना तुमच्या डोळ्यांचं खरं वर्तमान हवं.

महाराष्ट्रात दोन डॉक्टरांची ही गाठ घालून देणं सोपं नाही, हेही मला माहीत आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे आणि आजही राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसं तिथे येतात. केमो मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात, आणि दोन सायकलींच्या मधले दिवस गावाकडे. डोळे तिथेच लाल होतात, आणि तपासणारे डॉक्टर तालुक्याच्या गावचे. त्यांच्यासमोर ती जाड फाइल नसते. म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी एक घडीचा कागद जोडला आहे. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, त्या आठवड्यातले काउंट, चालू असलेले थेंब, आणि केमो देणाऱ्या विभागाचा फोन नंबर एवढंच त्यावर भरायचं आहे. तो पाकिटात किंवा पर्समध्ये राहू द्या आणि कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात की त्यांनी विचारण्याआधी टेबलावर ठेवा. पहिली ओळ औषधाच्या नावाची आहे. ते नाव ऐकून लिहू नका, फाइलवर जसं छापलं आहे तसं अक्षर न्‌ अक्षर पाहून उतरवा, आणि गोळ्यांची केमो चालू असेल तर तीही लिहा.